अझेरॉथच्या कोशाचं बिऱ्हाड: एका चाहता-कोशाच्या स्थलांतरांचा प्रकरण अभ्यास

ही गोष्ट आहे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाविषयी चाहत्यांनीच लिहिलेल्या ऑनलाइन कोशाची, ज्याला दोनदा घर सोडावं लागलं. या प्रकरणातल्या एकाही संपादकाचं नाव किंवा टोपणनाव इथे दिलेलं नाही. कोशांची आणि कंपन्यांची नावं मात्र तशीच ठेवली आहेत, कारण घर कुणाचं होतं आणि ते कुणाच्या हाती गेलं हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

२३ नोव्हेंबर २००४ ला अमेरिकेत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ब्लिझर्ड कंपनीचा ऑनलाइन खेळ सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी चाहत्यांनी ‘वॉवविकी’ नावाचा कोश उघडला. पहिला हेतू अगदी कामापुरता होता. खेळाच्या पडद्यावरची बटणं, चौकटी, नकाशे आपल्या सोयीने मांडण्यासाठी खेळाडू लुआ भाषेत छोटे प्रोग्रॅम लिहीत. त्यांना अ‍ॅडऑन म्हणतात. कोणती आज्ञा काय करते याची नोंद अ‍ॅडऑन लिहिणाऱ्यांना एका जागी हवी होती. ती नोंद करता करता कोश पसरत गेला.

अझेरॉथ हे या खेळातलं जग. १९९४ पासूनच्या वॉरक्राफ्ट मालिकेतून ते थराथराने घडत आलं आहे. माणसं आणि ऑर्क यांचं जुनं वैर, डोंगर पोखरून वसलेली ड्वार्फ लोकांची शहरं, हजारो वर्षं जगणारे एल्फ, जळून गेलेली राज्यं, हे सगळं त्यात आहे. कोशात यातल्या प्रत्येक गावाला, घराण्याला, तलवारीला, खेळाडूला मिळणाऱ्या प्रत्येक कामगिरीला स्वतंत्र पान मिळालं. सॉफ्टवेअर होतं मीडियाविकी, म्हणजे मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो तेच. त्यामुळे साचा (पानापानांत वापरायची तयार चौकट), चर्चा पान, प्रचालक (देखरेखीचे जादा हक्क असलेला संपादक), इतिहास (पानावरच्या बदलांची नोंद) हे मराठी विकिपीडियावरचे शब्दच मी पुढे वापरतो.

नसलेल्या जगाची एवढी चिकित्सा कशाला, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. त्यासाठी ऑक्टोबर २०१० मधला एक प्रसंग सांगतो. ब्लिझर्डच्या वार्षिक मेळाव्यात लाल शर्टातला एक तरुण चाहता माइकपाशी आला. आयर्नफोर्ज या ड्वार्फ लोकांच्या राजधानीत त्यांच्या तीन कुळांचं नवं त्रिमंडळ बसणार होतं. त्यात वाइल्डहॅमर कुळाच्या वतीने फाल्स्टाड हा ड्वार्फ सरदार का नाही, असं त्याने विचारलं. मंचावरून उलट प्रश्न आला, तो मेला आहे ना? तरुणाने शांतपणे सांगितलं की नाही, खेळाच्या पहिल्या आवृत्तीपासून तो एरी पीकवर प्रमुख म्हणून उभा आहे. त्याचं बरोबर होतं. ब्लिझर्डने चूक सुधारली, फाल्स्टाडला आयर्नफोर्जमध्ये आणून बसवलं आणि त्याच्याजवळ लाल शर्ट घातलेलं एक नवं पात्र उभं केलं. त्याचं नाव ‘वाइल्डहॅमर फॅक्ट चेकर’. ज्यांनी ते जग रचलं त्यांच्या नजरेतून जे निसटतं ते चाहत्यांच्या लक्षात राहतं, आणि एकट्यादुकट्याच्या लक्षात असलेलं सगळ्यांना सापडावं यासाठीच असे कोश असतात. म्हणून त्यांची जागा शाबूत राहणं मला महत्त्वाचं वाटतं.

त्या जागेची गोष्ट अशी. २००७ मध्ये वॉवविकी ‘विकिया’ या कंपनीच्या आसऱ्याला गेला. विकियाच्या संस्थापकांत विकिपीडियाचे जिमी वेल्स होते, त्यामुळे ही विकिपीडियाचीच दुसरी शाखा असावी असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. विकिपीडिया ना-नफा संस्था चालवते आणि तिथे जाहिराती नसतात. विकिया नफ्यासाठी उभी राहिलेली कंपनी, तिचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचं. संपादकांच्या बाजूने पाहिलं तर हा व्यवहार वाईट नव्हता. खेळ जगभर पसरत होता, वाचक वाढत होते, आणि सर्व्हरचा खर्च व दुरुस्ती यांची जबाबदारी दुसऱ्याने उचलली. त्या बदल्यात पानावर जाहिराती आल्या, आणि कोशाचं नाव व पत्ता कंपनीच्या छपराखाली गेला. त्या वेळी या दुसऱ्या गोष्टीचं वजन कळायला कारणच नव्हतं.

अडचण

२०१० च्या शरद ऋतूत विकियाने आपल्या सगळ्या कोशांसाठी नवं रूप आणलं. जाहिरातींना आणि बाजूच्या चौकटींना ठरावीक जागा हवी होती, म्हणून मजकुराचा पट्टा ठरावीक रुंदीचा केला. मोठा पडदा असला तरी मजकूर मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातच.

गोष्टी-कवितांच्या पानाला याने फारसं बिघडत नाही. वॉवविकीचं मात्र बिघडत होतं. या कोशाचा जीव तक्त्यांत होता: चिलखतांच्या संचांची तुलना, कोणत्या राक्षसाकडून काय मिळतं त्याच्या याद्या, आज्ञांचे तपशील. सात-आठ स्तंभांचा तक्ता अरुंद पट्ट्यात कोंबला की एकेका शब्दाच्या तीन ओळी होतात आणि तो वाचण्याजोगा राहत नाही. साचे वर्षानुवर्षं एका रुंदीचा हिशोब धरून लिहिलेले. ते पुन्हा लिहायचे म्हणजे हजारो पानांना हात लावायचा, तोही आपल्याला न पटलेल्या रूपासाठी.

त्यात घड्याळाचा काटा. १२ ऑक्टोबर २०१० ला खेळात मोठा बदल आला, २३ नोव्हेंबरला जुन्या अझेरॉथची उलथापालथ झाली आणि ७ डिसेंबरला ‘कॅटॅक्लिझम’ ही नवी आवृत्ती आली. प्रदेश दुभंगले, गावं बुडाली, शेकडो जुन्या कामगिऱ्या कायमच्या काढल्या गेल्या. म्हणजे संपादकांना त्याच आठवड्यांत जुनं जग पुसलं जाण्याआधी नोंदवायचं होतं आणि नवं जग लिहायला घ्यायचं होतं. घर बदलायला याहून अडचणीचा मुहूर्त शोधून सापडला नसता. हाच मुहूर्त पुढे त्यांच्या पथ्यावर पडला, त्याविषयी नंतर सांगतो.

समोरचे पर्याय

अशा गटासमोर साधारण तीन वाटा असतात.

पहिली, राहायचं आणि जुळवून घ्यायचं. नाव तेच, पत्ता तोच, बाहेरच्या हजारो दुव्यांवरून येणारा वाचक तसाच. किंमत म्हणजे साचे नव्याने लिहिण्याचे कष्ट, आणि त्याहून मोठी ही की यापुढे पानाचं रूप कुणी ठरवायचं याचा निकाल लागलेला. कंपनीने एकदा बदल लादला आणि लोकांनी सोसला, तर दुसरा बदल लादणं सोपं जातं.

दुसरी वाट, स्वतःचा सर्व्हर घ्यायचा. ही सर्वांत स्वाभिमानाची वाट, पण आत काय काय असतं ते पाहिलं पाहिजे. नवी आवृत्ती आली की त्या रात्री वाचकांचा लोंढा येतो आणि नेमकं तेव्हाच कोश कोसळतो. मध्यरात्री उठून तो उभा करणारं कुणीतरी लागतं. बँकखातं, करांचे कागद, वकिलाच्या पत्राला उत्तर, स्पॅम टाकणाऱ्यांचा बंदोबस्त, सगळं अंगावर येतं. लेखन आवडतं म्हणून आलेल्या माणसाला एकाएकी संस्थाचालक व्हावं लागतं. तरी हे अशक्य नाही. ‘एल्डर स्क्रोल्स’ या दुसऱ्या काल्पनिक जगाचा चाहता-कोश १९९५ पासून स्वतंत्र आहे. पण तो आधीपासून स्वतःच्या पायावर होता. चालत्या गाडीतून उतरून नवी गाडी बांधणं वेगळं.

तिसरी वाट, दुसऱ्या कंपनीकडे जायचं. ‘कर्स’ ही कंपनी वॉरक्राफ्टच्या अ‍ॅडऑनसाठी खेळाडूंना आधीच माहीत होती. तिच्याकडे सर्व्हर होते, तंत्रज्ञ होते आणि या खेळाची जाण होती. विकियावर हजारो विषयांचे कोश होते, त्यात वॉवविकी एक. कर्ससाठी वॉरक्राफ्ट घरचाच विषय. मालक आपल्यासारखाच खेळाडू असेल तर तो आपलं ऐकेल, ही आशा त्यामागे होती आणि ती अगदीच वेडी नव्हती.

बाहेर पडण्याच्या या दोन वाटा खुल्या होत्या त्या मुक्त परवान्यामुळे. कोशाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली होता की मूळ लेखकांचं श्रेय दिलं आणि पुढची प्रतही त्याच अटींवर मुक्त ठेवली, तर कुणीही तो उचलून दुसरीकडे मांडू शकतो. विकियाची परवानगी मागायची गरज नव्हती. पण परवाना फक्त मजकुराला लागू होतो. ‘वॉवविकी’ हे नाव, त्याचा पत्ता, शोधयंत्रातलं त्याचं वरचं स्थान, वाचकाच्या बोटांना लागलेली सवय, यांतलं काहीच त्याच्या कक्षेत येत नाही. धान्याची पोती बैलगाडीत भरून नेता येतात, पेव नेता येत नाही, तसं.

काय केलं

ऑक्टोबर २०१० मध्ये प्रचालक आणि नियमित संपादकांचा मोठा गट तिसऱ्या वाटेने गेला. नवा कोश कर्सच्या सर्व्हरवर उभा राहिला. जुनं नाव सोबत नेता येत नव्हतं, म्हणून नवं घेतलं, ‘वॉवपीडिया’.

स्थलांतराचं प्रत्यक्ष काम कसं चालतं हे सांगायला हवं, कारण ‘कॉपी करून घेतलं’ या शब्दांत ते झाकून जातं. मीडियाविकीतून सगळ्या पानांचा संच एक्सएमएल या फाइलच्या स्वरूपात काढता येतो. त्यात पानाचा आजचा मजकूर असतो आणि मागवला तर प्रत्येक जुनी आवृत्तीही, कुणी कधी काय बदललं त्यासह. हा इतिहास सोबत नेणं परवान्याच्या दृष्टीने महत्त्वाचं, कारण श्रेयाची नोंद तिथेच राहते. चित्रं त्या संचात येत नाहीत, ती वेगळी उतरवून घ्यावी लागतात. आणि संपादकांची खाती येत नाहीत. नव्या जागी प्रत्येकाने पुन्हा नाव नोंदवायचं. कधीकाळी भरभरून लिहिलेला पण आता थोडं कमी येणारा माणूस नेमका याच पायरीवर गळतो. त्याचं नाव जुन्या पानांच्या इतिहासात राहतं, तो स्वतः येत नाही.

आणि जुना कोश बंद होत नाही. गोंधळाचं मूळ इथेच आहे. परवाना दोन्हीकडे चालतो: संपादकांना मजकूर न्यायची मुभा, तशी कंपनीला तोच मजकूर जागेवर ठेवायची. वॉवविकी विकियावर तसाच उभा राहिला, पानं तीच, जाहिराती चालू. एका दिवसात एकाच मजकुराची दोन घरं झाली आणि वाचकाला कुठलं खरं हे सांगणारा कुणी नव्हता. शोधयंत्र जुन्या पत्त्याला मान देतं, कारण जगभरच्या लेखांतून सहा वर्षांचे दुवे तिकडे वळलेले. नव्या कोशावर पान अधिक चांगलं असलं तरी शोधात आधी जुनंच दिसायचं.

तरीही वॉवपीडिया तगला, आणि माझ्या मते तो अडचणीचा मुहूर्त त्याला तारून गेला. कॅटॅक्लिझमने दोन महिन्यांच्या आत अझेरॉथचा नकाशाच बदलला. ज्यांना नवं लिहिण्याची उमेद होती ते बहुतेक वॉवपीडियावर गेलेले. जुन्या घरातली पानं न वाढता शिळी होत गेली. वाचक आत शिरला की बुडालेलं गाव पानावर अजून कोरडंच दिसायचं, मग तो दुसरीकडे शोधायचा. शांत काळात हे स्थलांतर केलं असतं तर दोन्ही प्रती वर्षानुवर्षं सारख्याच खऱ्या वाटल्या असत्या आणि जुना पत्ता जिंकला असता.

मधली वर्षं

या काळात कोशाने काय जपलं याविषयी थोडं थांबून सांगतो.

पहिलं प्रकरण छापील पुस्तकांचं. वॉरक्राफ्टवर टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाची पुस्तकं निघाली होती. त्यांत अझेरॉथचे इतके तपशील होते की संपादकांनी ते वर्षानुवर्षं पानापानांत विणले. २०११ मध्ये ब्लिझर्डच्या कथा-विभागाने सांगितलं की वेगळं काही म्हटलेलं नसेल तर ही पुस्तकं अधिकृत इतिहासात धरू नयेत. एका उत्तराने शेकडो पानांतली वाक्यं हवेत लटकली. ती पुसावीत का? पुसली तर इतक्या वर्षांच्या वाचनाचा मागमूस जातो, आणि त्या पुस्तकांतली एखादी कल्पना उद्या खेळात आली तर तिचं मूळ सापडत नाही. ठेवली तर नवखा वाचक फसतो. वॉवपीडियाने तो मजकूर ठेवला, पण वेगळा काढून त्यावर ठळक खूण केली की हा भाग छापील खेळातला आहे, अधिकृत नाही. मला हा निर्णय फार समंजस वाटतो. कोशाने सत्य एकच असल्याचा आव आणला नाही आणि कचऱ्यालाही सत्य म्हटलं नाही.

दुसरं, खेळातून काढलेल्या गोष्टींचं. कॅटॅक्लिझममध्ये नाहीशा झालेल्या कामगिऱ्यांची पानं ‘आता खेळात नाही’ अशी नोंद करून ठेवून दिली. आता या पानांचा उपयोग काय, असं तेव्हा कुणीही विचारलं असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लिझर्डने जुन्या अझेरॉथची ‘क्लासिक’ आवृत्ती पुन्हा चालू केली आणि नऊ वर्षं धूळ खात पडलेली माहिती खेळाडूंना रोज लागू लागली.

हे सगळं चालू असताना पायाखालची जमीन विकली जात होती. कर्सने २०१२ च्या अखेरीस ‘गेमपीडिया’ नावाने खेळांच्या कोशांचं जाळं उभं केलं आणि वॉवपीडिया त्यात गेला. २०१६ मध्ये अमेझॉनच्या मालकीच्या ट्विचने कर्स विकत घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये गेमपीडियासह कर्सचा माध्यम-विभाग विकला गेला. घेणारी कंपनी होती फँडम, म्हणजे नाव बदललेली विकिया.

ज्या घरातून संपादक आठ वर्षांपूर्वी बाहेर पडले होते, त्याच घराच्या मालकाकडे त्यांचं नवं घर गेलं. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारण्याचं बंधनही कुणावर नव्हतं. पुढच्या काही वर्षांत गेमपीडियाचे कोश फँडमच्या व्यवस्थेत आणि पत्त्याखाली आणले गेले, वॉवपीडियाही. जुना वॉवविकी ‘संग्रह’ म्हणून बाजूला ठेवला गेला. एकाच खेळाचे, एकाच मुळातून फुटलेले दोन्ही कोश आता एकाच कंपनीच्या कपाटात होते.

पुन्हा तोच प्रश्न

फँडमवरच्या कोशांतून तक्रारी वाढत होत्या: जाहिरातींची गर्दी, पानाच्या रूपावर संपादकांचा कमी होत जाणारा हक्क, फोनवर वाचताना होणारी ओढाताण. जून २०२३ मध्ये फँडमवरच्या मॅकडोनाल्ड्सविषयीच्या कोशात ग्रिमेस या पात्राच्या पानावर स्वयंसेवकांच्या मजकुराच्या जागी जाहिरात मोहिमेचा मजकूर आला, तेव्हा ही अस्वस्थता खेळांच्या बाहेरही पोचली. सप्टेंबर २०२३ मध्ये माइनक्राफ्टचा मोठा कोश फँडममधून बाहेर पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये वॉवपीडियाच्या संपादकांनी दुसऱ्यांदा बिऱ्हाड उचललं.

या वेळी पर्याय २०१० पेक्षा चांगले होते, आणि ते इतरांच्या कष्टांतून तयार झालेले होते. ‘रुनस्केप’ या खेळाच्या कोशाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फँडमला सोडलं होतं. त्यांनी सर्व्हर चालवण्यासाठी संपादकांतूनच ‘वीअर्ड ग्लूप’ ही कंपनी उभी केली आणि खेळ बनवणाऱ्या जॅगेक्सचा पाठिंबा मिळवला. माइनक्राफ्टचा कोश पुढे तिच्याकडेच गेला. दुसरीकडे गेमपीडियातून बाहेर पडलेल्या काही माणसांनी ‘विकी डॉट जीजी’ ही कोशांना जागा देणारी नवी व्यवस्था सुरू केली होती. ही माणसं वॉवपीडियाच्या संपादकांना ओळखीची आणि त्यांची साधनंही ओळखीची.

संपादकांनी विकी डॉट जीजी निवडली. पुन्हा इतिहासासह पानं नेली, पुन्हा चित्रं उतरवली, पुन्हा साचे सारखे केले, पुन्हा प्रत्येकाने खातं उघडलं. आणि पुन्हा नाव मागे राहिलं, कारण ‘वॉवपीडिया’ हे नाव फँडमच्या ताब्यात होतं. नव्या कोशाचं नाव झालं ‘वॉरक्राफ्ट विकी’. एकोणीस वर्षांत एकाच कामाला लागलेलं हे तिसरं नाव. प्रत्येक वेळी वाचकाला नव्याने सांगायचं की आम्ही तेच आहोत.

मागे राहिलेली प्रत या वेळीही बंद झाली नाही. कोश सोडून जाण्याची सूचना फँडमवर मर्यादित काळच दाखवता येते, त्यानंतर ती काढावी लागते. मग जुन्या प्रतीवर येऊन पडणाऱ्या वाचकांसाठी चाहत्यांपैकीच कुणी कुणी ब्राउझरमध्ये बसवायची छोटी साधनं लिहिली आहेत. फँडमचं पान उघडायला जावं तर ती त्या विषयाच्या स्वतंत्र कोशाकडे वळवतात. ज्याला हे साधन माहीत आहे त्याची सोय झाली. ज्याला माहीत नाही तो शोधयंत्र नेईल तिथे जातो.

निष्पत्ती

काम टिकलं, हे आधी सांगितलं पाहिजे. वॉरक्राफ्ट विकी चालू आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘द वॉर विदिन’ या आवृत्तीची नोंद तिथे झाली आहे, अ‍ॅडऑन लिहिणारे आज्ञांचे तपशील तिथे पाहतात. तिसऱ्या घरातही लिहिणारे हात आले, आणि ही सगळ्यांत अवघड गोष्ट असते.

जे गेलं तेही मांडतो. दोन नावांची कमावलेली ओळख गेली. बाहेरच्या लेखांतून जुन्या पत्त्यांकडे वळणारे दुवे तसेच जुन्या जागी जात राहिले. प्रत्येक स्थलांतरात किती संपादकांनी पुन्हा खातं उघडलंच नाही, याची गणती कुठल्याच तक्त्यात येत नाही. आणि ज्यांनी आपला मोकळा वेळ घालून एकदा घर बदललं, त्यांच्यातल्या काहींना तेच काम तेरा वर्षांनी पुन्हा करावं लागलं. त्या वेळात अझेरॉथविषयी किती पानं लिहून झाली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

काय वेगळं करता आलं असतं

२०१० मध्ये बाहेर पडण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. रुंदीचा वाद वरवर किरकोळ दिसतो, पण पानाचं रूप कुणी ठरवायचं हा प्रश्न किरकोळ नव्हता, आणि पुढच्या वर्षांनी ते दाखवून दिलं. कर्सकडे जाणंही त्या वेळच्या माहितीवर समजण्यासारखं आहे. चूक शोधायचीच तर ती जाताना केलेल्या व्यवहारात सापडते. पुढच्या घटनांवरून एवढं दिसतं की नवं नाव आणि पत्ता संपादकांच्या हाती राहील अशी तजवीज तेव्हा झालेली नव्हती. विकियाच्या अनुभवातून शिकायचं ते हेच होतं. ते कळलं असतं आणि एक साधा पत्ता दोन-तीन विश्वासू संपादकांच्या किंवा एखाद्या छोट्या संस्थेच्या नावावर ठेवला असता, तर २०१८ ची विक्री त्यांना एवढी लागली नसती. सर्व्हर कुणाचाही असो, पत्ता आपला असला की तो दुसऱ्या सर्व्हरकडे वळवता येतो आणि वाचकाला घर बदलल्याचं कळतसुद्धा नाही. अशा पत्त्याला वर्षाकाठी थोडेच पैसे लागतात. त्या काळी तो क्षुल्लक वाटला असणार.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पत्ता व्यक्तीच्या नावावर ठेवला तर ती व्यक्ती उद्या नाहीशी होते, भांडते किंवा स्वतःच तो विकते. चाहत्यांच्या गटात असं होतं. म्हणून व्यक्तीपेक्षा संस्था बरी, आणि संस्था म्हटली की वर सांगितलेला कागदांचा सगळा पसारा आला. रुनस्केपच्या संपादकांनी तो पसारा अंगावर घेतला. त्यांच्यापाशी खेळ बनवणाऱ्या कंपनीचा पाठिंबा होता, हे त्यांच्या यशातलं मोठं अंग आहे आणि ते प्रत्येकाला मिळत नाही.

दुसरी गोष्ट, २०१८ आणि २०२३ मधलं अंतर. विक्रीची बातमी आली त्या दिवसापासून पुढचा रस्ता बराचसा दिसत होता, तरी प्रत्यक्ष निघायला पाच वर्षं गेली. त्या काळात वॉवपीडियावर लिहिलेलं प्रत्येक नवं पान फँडमकडच्या प्रतीलाही भरीव करत होतं. २०१९ मध्येच, क्लासिकच्या लाटेवर, निघता आलं असतं का? तेव्हा विकी डॉट जीजीसारखी जागा तयार नव्हती, पण रुनस्केपचं उदाहरण ताजं होतं. मी त्या जागी असतो तर किमान एवढं केलं असतं: दर काही महिन्यांनी सगळ्या पानांचा आणि चित्रांचा पूर्ण संच काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवला असता, फँडमच्या खास सोयींवर अवलंबून राहणारे साचे लिहायचं थांबवलं असतं, आणि अधूनमधून येणाऱ्या जुन्या संपादकांशी कोशाबाहेर संपर्क राहील अशी एखादी यादी त्यांच्या परवानगीने तयार ठेवली असती. निघायचं ठरलं नसतं तरी बिऱ्हाड बांधलेलं राहिलं असतं.

तिसरी गोष्ट अजून उघडी आहे. विकी डॉट जीजी चालवणारी माणसं संपादकांच्या विश्वासातली आहेत. २०१० मध्ये कर्सविषयीही विश्वास होता आणि तो माणसांवर होता. माणसं नोकरी बदलतात, कंपनी विकली जाते. वॉरक्राफ्ट विकीचा पत्ता आज त्या व्यवस्थेच्याच नावाखाली आहे. पुढची विक्री झालीच, तर त्या दिवशी संपादकांच्या हातात कोणतं नाव असेल, हा प्रश्न त्यांनी आताच, सगळं सुरळीत चालू असताना, चर्चा पानावर मांडावा असं मला मनापासून वाटतं.

कोशातली जुनी पानं उघडून इतिहास पाहिला तर २०१० च्या आधीच्या नोंदी अजून दिसतात. दोन घरं मागे टाकून त्या इथवर आल्या आहेत. त्या करणाऱ्यांतल्या कुणी एखाद्या ड्वार्फ सरदाराच्या नावातली एका अक्षराची चूक दुरुस्त केली असेल आणि पुन्हा कधी आला नसेल. त्याचं टोपणनाव, तारीख, वेळ आणि ते दुरुस्त केलेलं अक्षर तिथे आहे.